आधी नूर पाणी पिते

३ जानेवारी

आणलीच शेवटी! माळेगावच्या जत्रेतून टेम्पो परत आला तो पांढरीशुभ्र घोडी घेऊन. अल्ताफ खाली उतरला तेव्हा चेहऱ्यावर असं हसू, की आमच्या निकाहाच्या दिवशीही मला ते दिसलं नव्हतं. नावसुद्धा वाटेतच ठेवून झालंय – नूर.

अब्बा काठी टेकत तिच्याभोवती फिरले. माझे सासरे. पाशाभाई टांगेवाले म्हटलं की बीडमधलं जुनं माणूस अजून ओळखतं. त्यांनी तिच्या डोळ्याखाली बघितलं, कपाळ चाचपलं, मग मानेखाली हात घातला आणि तिथेच थांबले. गळ्याखाली केसांचा एक भोवरा. देवमण!

आमच्या लोकांत घोडा घेताना दात नंतर बघतात, भोवरे आधी. डोळ्याखाली भोवरा असला तर तो आसूढाळ, मालकाला रडवणार. गळ्याखाली देवमण असला तर बाकी सगळ्या खोडी माफ. अब्बांनी आयुष्यात देवमणवाला घोडा पाहिला होता तो दुसऱ्याच्या दारात. आज स्वतःच्या दारात बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बरकत आली घरात," म्हणाले. "आता रोज हौदावर आधी ही पाणी पेईल. मग बाकीचे. हिचं उष्टं पेले की त्यांच्याबी अंगी लागतंय."

बाकीचे म्हणजे दोघं. बग्गीचा तांबडा शेरा. आणि माझी शबनम. तीही पांढरीच, पण म्हातारी. मी या घरात आले त्याच वर्षी तीही आली. अल्ताफ म्हणतो, दोघींत घोडी जास्त ऐकते.

(घरात सगळे दखनीत बोलतात. इथे मी त्यांना मराठीत बोलायला लावते. दिंद्रुडच्या शाळेत मराठी शिकले, घरात वाचणारं दुसरं कुणी नाही. अल्ताफ दुकानांच्या पाट्या वाचतो, त्याही अंदाजाने, आणि माझी लेक मेहेक अजून अक्षरंच जुळवते. म्हणून ही वही उशाशी ठेवली तरी चालते.)

५ जानेवारी

नूर आवाज करत नाही.

आधी लक्षात आलं नाही. शबनम कशी – मी बादली उचलली की खिंकाळते, दार वाजलं की खिंकाळते, मेहेक शाळेतून आली की सगळ्या गल्लीला सांगते. नूर आल्यापासून तिच्या घशातून काही निघालेलं नाही. फुरफुरतही नाही. अब्बांना म्हटलं तर म्हणाले, "खानदानी जनावर हाय. तुमच्यावानी बडबड करत न्हाई."

तुमच्यावानी म्हणजे मी आणि शबनम. असो.

८ जानेवारी

शबनम हौदावर तोंड लावत नाही. नूर पिऊन बाजूला होते, मग शबनमला सोडतात. ती पाण्याशी जाते, नाकपुड्या फुगवते, पाण्याकडे बघत राहते. मागे सरकते. अल्ताफने मान दाबून पाजलं. मला राग आला. "तिला नको असेल तर कावून पाजायलाव?" म्हटलं तर म्हणतो, "नखरे हायत म्हातारीचे. सवत आली ना घरात."

मी नंतर घरातल्या माठातलं पाणी बादलीत घेऊन दिलं. गटागटा प्यायली.

१४ जानेवारी

संक्रांत. किराणा दुकानवाल्या शिवम्मा तिळगूळ घेऊन आल्या. सोबत नातू, खोकून खोकून डोळे लाल. डांग्या खोकला. घोड्याचं उष्टं पाणी पाजलं की तो उतरतो असं इकडे मानतात. आजवर शबनमचं पाणी नेणारे कितीतरी आले. आता देवमणवाली आली म्हटल्यावर तर विचारायलाच नको.

नूर प्यायली. शिवम्मांनी तिच्या तोंडाखालून पेला भरून घेतला. पोरगं पिताना नूर त्याच्याकडे बघत होती. जनावर माणसाकडे बघतं ते वेगळं. ही पापणी लववत नव्हती. मी म्हटलं, "शिवम्मा, डॉक्टरला बी दाखवा." तर म्हणाल्या, "दाखविलं माय. तेबी करायचं, हेबी करायचं."

हे मात्र खरं, घोडी दिसते सुंदर. रोज जास्तच चकचकीत. मी खरारा करायला घेतला तर हाताला एक केस येत नाही.

१६ जानेवारी

शेराच्या एका नाकपुडीतून पिवळट काहीतरी येतंय. चिकट. थंडी आहे म्हणे.

१९ जानेवारी

थंडी नाही ती. शेरा चंदीला तोंड लावत नाही. श्वास घेताना आतून घरघर, जुन्या मिक्सरसारखी. मागच्या पायावर गाठी उठल्यात, एकीखाली एक. अब्बांनी ओवा-हळदीची धुरी दिली. तबेला धुराने भरला, शेरा खोकला, शबनम खोकली. धूर विरला तेव्हा नूर भिंतीकडे तोंड करून जशीच्या तशी उभी. धुरात माणूससुद्धा शिंकतं!

अल्ताफला म्हटलं सरकारी डॉक्टरला बोलाव. "लग्नं तोंडावर आलीत, बोभाटा कशाला?" म्हणे.

२० जानेवारी

शबनमला ताप. हात लावला तर कान गरम. जबड्याखाली सूज आलीय. अब्बांनी दोघांचे भोवरे परत तपासले, आजार तिथे लिहिलेला असल्यासारखे. मग म्हणाले, हीच घेऊन आली असेल कुठून तरी. म्हातारी.

मी कुणाला न विचारता पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. स्वप्नाली मॅडम नवीन आहेत, तरण्या. शेराच्या नाकाबद्दल सांगायला लागले तशा त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

२१ जानेवारी

शेरा गेला. सकाळी दार उघडलं तर आडवा. नाकातून रक्त.

मॅडम आल्या तेव्हा अल्ताफ माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. त्यांनी हातमोजे, मास्क, चष्मा सगळं घातलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हे – "याला कुणी उघड्या हाताने शिवू नका. लहान मूल आहे का घरात? तिला आतच ठेवा." शेराच्या नाकात बॅटरी मारून बघितलं. आत जखमा.

मग मला ओट्यावर बसवून समजावलं. घोड्यांच्या नाकातून पाणी यायला शंभर कारणं. साधी सर्दी असते. गळ्याचा रोग असतो – ताप, जबड्याखाली गाठ, गाठ फुटते, पू जातो आणि बहुतेक जनावर बरं होतं. लागतो पटकन, एका बादलीतून दुसऱ्याला, लगामातून, आपल्या हातातूनही. आणि तिसरा असतो ग्लँडर्स. त्याला औषध नाही. तो माणसालाही होतो. निघाला तर कायद्याने जनावर ठेवता येत नाही.

"ठेवता येत न्हाई म्हंजे?"

"इंजेक्शन देऊन शांत करावं लागतं, ताई."

शेराचं बघून त्यांना तिसऱ्याचीच शंका. शबनमचं बघून दुसऱ्याची. "पण डोळ्यांनी ठरवायचं नाही. रक्त हिसारच्या प्रयोगशाळेत जाईल. तिथून येईल ते खरं." शबनमचं रक्त घेतलं. नूरचंही घ्यायला लागल्या तर अब्बा आडवे आले. "हिला काय झालंय? चेहरा बगा हिचा." मॅडम म्हणाल्या, "आजोबा, काही जनावरं वरून ठणठणीत असतात आणि आत घेऊन फिरतात. म्हणूनच बघायचं."

सुई टोचली तेव्हा नूर हलली नाही. कातडी थरथरते ना घोड्याची, तेवढंही नाही. मॅडमनीही माझ्याकडे बघितलं.

जाताना नूरच्या खुरावर लाल रंगाने दोनचा आकडा घातला, शबनमच्या खुरावर तीनचा. एक नंबर शेराच्या नमुन्याचा. म्हणजे नमुन्यात घोळ नको.

माझी शबनम. तिसरा रोग निघाला तर ती जाणार. तेवढं एकच डोक्यात फिरतंय.

२२ जानेवारी

मॅडमनी सांगितल्याप्रमाणे सगळं बदललं. हौद रिकामा करून घासला, चुना मारला. दोघींना वेगळी बादली, वेगळा खरारा, वेगळी झूल. शबनम मागच्या पत्र्याच्या खोलीत. आधी नूरचं करायचं, मग शबनमचं, मग कपडे उकळत्या पाण्यात. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर. वराती बंद. अल्ताफने दोन नवरदेवांना फोन करून नाही म्हणून सांगितलं आणि दिवसभर जेवला नाही.

आणि पाणी बंद. शिवम्मांना जाऊन सांगितलं, पोराला सरकारी दवाखान्यात घेऊन जा, घोडीचं पाणी पाजलं हे न लाजता सांगा. त्या आधी हसल्या. मग माझं तोंड बघून हसणं थांबलं.

अब्बा कुणाशी बोलत नाहीत. नूरशी बोलतात.

२५ जानेवारी

शबनमच्या जबड्याखालची गाठ लिंबाएवढी होती ती पेरूएवढी झाली. गिळताना मान लांब करते. मी गरम पाण्याचा शेक देते. मास्क, हातमोजे, वर अल्ताफचा रेनकोट. पहिल्यांदा असं ध्यान बघून ती बिचकली. मग मी बोलले तशी ओळखलं आणि बसक्या आवाजात खिंकाळली. आजारी आहे तरी बोलायचं सोडत नाही बाई!

मेहेक खिडकीतून विचारते, "अम्मी, नूर झोपत कशी नाही?" म्हटलं घोडे उभ्याउभ्या झोपतात. "पण डोळे उघडे आहेत तिचे. कधीपण बघितलं तरी उघडे." खिडकी लावून घेतली.

२८ जानेवारी

गाठ फुटली. बादलीभर पू. माझ्या अंगावर, रेनकोटवर. वास असा की दोन घास उलटून पडले. मॅडम फोनवर खूश – "चांगलं लक्षण आहे ताई, जखम धुवून काढा, पू लागलेलं सगळं पेटवून टाका." संध्याकाळी शबनमचा ताप उतरला. भिजवलेली हरभऱ्याची चंदी तिने खाल्ली आणि अजून मागितली.

मी तिथेच खाली बसून रडले. हसतही होते. कुणी बघितलं असतं तर मलाच दवाखान्यात नेलं असतं.

अब्बांना सांगितलं तर म्हणाले, "बरी झाली तर झाली. पण दोष तिचाच हाय."

३ फेब्रुवारी

हिसारचा निकाल आला. मॅडम स्वतः आल्या, फोन नाही केला.

शबनमला ग्लँडर्स नाही. फक्त गळ्याचा रोग, तोही उतरणीला. शेराबरोबर राहिली म्हणून थोड्या दिवसांनी परत एकदा रक्त घेतील.

नूर – आहे.

अल्ताफ म्हणाला, "आकडे उलटे झाले असतील." मॅडम म्हणाल्या, दुसऱ्यांदा तपासूनच कळवलंय. शेरा तिच्यामुळेच गेला असणार. जत्रेतूनच ती घेऊन आली असणार.

मी नूरकडे बघितलं. ऊन पडलं होतं तिच्या पाठीवर, पांढरं स्वच्छ. आम्ही हिचं उष्टं सगळ्यांना पाजत होतो. शबनम नको म्हणत होती आणि आम्ही तिची मान दाबत होतो.

अब्बा काठी आपटत मध्ये आले. "देवमण असलेलं जनावर आपल्या दारात मारलं त्याचा वंश ऱ्हात न्हाई. मपल्या बापानं सांगलं मला. मी जिता हाय तवर हे हुनार न्हाई." मॅडम हात जोडून म्हणाल्या, आजोबा, हा माझा हट्ट नाही, कायदा आहे. आणि घरात सात वर्षांची पोर आहे तुमच्या.

आजपासून कुठलंच घोडं दाराबाहेर काढायचं नाही. नोटीस लावून गेल्या दाराला. गल्लीतले लोक आता पलीकडच्या बाजूने जातात.

खरं सांगू? मला नूरचं वाईट वाटलं नाही. शबनम वाचली एवढंच ऐकू येत होतं.

४ फेब्रुवारी

आम्हा सगळ्यांचं रक्त नेलं. शिवम्माच्या नातवाचंही. मॅडमनाही घरीच थांबायला सांगितलंय, त्यांचाही शेराच्या नाकाशी संबंध आला होता. नूरसाठी बाहेरून दुसरे लोक येतील.

६ फेब्रुवारी

अल्ताफ अचानक मऊ झालाय. जेवताना म्हणाला, "अदिबा, ती माणसं यायच्या आधी शबनमला हलवू. पालीला, रहेमतबी फुफीच्या शेडात. एवढं समदं तिच्या डोळ्यापुढं नको. म्हातारी हाय, हाय खाईल."

रहेमतबी फुफी म्हणजे अब्बांची बहीण. धरणाजवळ तिचं घर, शेत. तिच्याकडे घोडी नाहीत, दोन म्हशी आणि नातवंडं.

मॅडमनी हलवायचं नाही म्हणून सांगितलंय. मला माहीत आहे. पण शबनमला तर तो रोग नाही! आणि ते खड्डा खणणं, ती चुन्याची पोती, ते सगळं तिने का बघायचं? शेरा गेला तेव्हा ती मागच्या खोलीतूनही तीन दिवस त्याच्या जागेकडे तोंड करून उभी होती.

मी हो म्हटलं. वर आणि अल्ताफचा हात धरून शुक्रिया म्हटलं. माझ्या घोडीचा एवढा विचार याने आजवर कधी केला नव्हता.

७ फेब्रुवारी

सगळ्यांचे निकाल चांगले. मेहेक, अल्ताफ, अब्बा, मी. शिवम्माचा नातूही. शिवम्मा येऊन दारात लांब उभं राहून रडून गेल्या. मॅडमचा मात्र अजून आलेला नाही.

तबेल्यात थिनरचा वास येतोय. अल्ताफ म्हणतो, बग्गीचा रंग काढतोय, रिकामं बसवत नाही.

८ फेब्रुवारी

शबनम गेली पालीला. पहाटे, अंधार असतानाच. मला उठवलंच नाही! टेम्पोचा आवाज आला तशी पळत बाहेर आले. फळी लावून झाली होती. अंगावर झूल, डोक्यावरही कपडा, फक्त नाकपुड्या उघड्या. "थंडी हाय बाहेर," अल्ताफ म्हणाला. मी हाक मारली. तिने उत्तर दिलं नाही. घाबरली असेल, गाडीत कधी बसते ती?

हात लावायला पुढे झाले तर अब्बांनी काठी आडवी धरली. "जाऊ दे बेटी. उशीर होतंय."

मागच्या खोलीकडे जायचं नाही, असं अल्ताफने सांगितलंय. नूरला तिथे बांधलंय आता, दार बाहेरून लावून. ती माणसं येईपर्यंत मेहेकला घेऊन आतच बसायचं. बरंच झालं. मला तिचे ते उघडे डोळे परत बघायचे नाहीत.

८ फेब्रुवारी, दुपार

ते आले. पांढरे प्लास्टिकचे पोशाख, तोंडं झाकलेली, कोण माणूस कोण बाई कळत नाही. गल्लीत सगळ्यांनी खिडक्या लावल्या. मागच्या मोकळ्या जागेत मशीनने खड्डा खणलेला आहे. मी पडद्याच्या फटीतून एवढंच बघितलं – एकाने वाकून खुरावरचा आकडा वाचला, दुसऱ्याने मान हलवली. पांढरी पाठ दिसली. मग पडदा ओढून घेतला.

मेहेकला मांडीवर घेतलं. कान झाकले, तिचेही आणि माझेही. दुआ मागितली, की लवकर संपव.

तरी ऐकू आलं. नूर खिंकाळली! एकदा, मग परत परत. एवढ्या दिवसांत जिच्या घशातून आवाज आला नाही ती मरताना आमच्याच दाराकडे तोंड करून ओरडत होती. मेहेक झोपल्यासारखी पडून होती. तिने डोळे उघडले नाहीत, फक्त म्हणाली, "अम्मी, शबनम बोलावतेय."

म्हटलं, "नाही बेटा, शबनम पालीला आहे."

९ फेब्रुवारी

गवत जाळलं. झुली, लगाम, गोंडे सगळं जाळलं. तबेल्यात सोड्याचं पाणी मारलं, वर चुना. एवढं स्वच्छ आमच्या निकाहालाही नव्हतं.

अल्ताफ जेवला नाही. अब्बा मात्र जेवले. व्यवस्थित. मला वाटलं होतं, म्हातारा ऊर बडवून घेईल. नूर गेली, देवमण गेला, वंश बुडणार – एक शब्द नाही. जेवून दात कोरत बसले.

११ फेब्रुवारी

रहेमतबी फुफीचा फोन. "तुझी घोडी लई गुणाची हाय गं. दिवसभर हुबी. आवाज म्हनून करत न्हाई."

"खायलीय ना?"

"खायलीय की. अंग बग कसं चकाकतंय."

शबनम आणि आवाज नाही? जागा नवी म्हणून रुसली असेल. मी नाही ना तिथे. अंगावर चकाकी आली हे बरं झालं. आजारातून उठली की येते म्हणतात.

अल्ताफला म्हटलं, उद्या मला पालीला सोड. "आठ दिवस जाऊ दे. आत्ताच बरी झालीय, आपल्याकडून परत काय तरी लागंल." हे तो मला सांगतोय! आजपर्यंत थर्मामीटर कुठून वाचायचा तेही त्याला माहीत नव्हतं.

१३ फेब्रुवारी

शब-ए-बरात. रव्याचा हलवा केला. हात चालत होता, लक्ष नव्हतं. आज गेलेल्यांसाठी दुआ मागायची. मी शेरासाठी मागितली. मग नूरसाठीही. जनावरासाठी मागावी की नाही मला माहीत नाही. मागून टाकली. तिचा तरी काय गुन्हा? तिने थोडंच जत्रेतून मुद्दाम आणलं होतं?

अल्ताफ दारात उभा होता. नूरचं नाव ऐकून बाहेर निघून गेला.

१५ फेब्रुवारी

स्वप्नाली मॅडमचा निकाल चांगला आला, कामावर रुजू झाल्या. मला फोन – "शबनमचं परत रक्त घ्यायचं आहे ताई, सोमवारनंतर येते." पालीला हलवली हे त्यांना कसं सांगू? "या ना मॅडम," एवढंच म्हणाले.

अल्ताफला सांगितलं. म्हणाला, "सांग तिला, शबनम बी मेली."

"कावून? चांगली असताना?"

"मी म्हणतो म्हनून."

मग अब्बा आतून म्हणाले, "तिला गप बसव, अल्ताफ." मला नाही, त्याला म्हणाले. मी तिथे नसल्यासारखं.

या घरात माझ्यापासून काहीतरी लपवतायत. शबनमला काही झालंय का? परत गाठ आलीय? तिला विकायचं ठरवलंय, असंही मनात आलं.

१७ फेब्रुवारी

फुफीचा परत फोन. परवाच्या मिरवणुकीसाठी गावातली पोरं घोडी मागायलीत. "सजवून आनतो म्हनतेत. समदी लेकरं आत्ताच तिच्याभवती गोळा झालीत. देऊ का गं?"

मी ओरडले, देऊ नका! तिचं दुसरं रक्त व्हायचंय अजून, माणसांत न्यायची नाही. फुफी म्हणाली, अल्ताफनं तर हो म्हणलंय.

उद्या मी जाणार. कुणी काही म्हणो.

१८ फेब्रुवारी, पाली

न सांगता एसटीने आले. फुफीने शेडचं दार उघडलं.

आत नूर उभी आहे. खुरावर तीनचा आकडा आहे, रंग ताजा. गळ्याखाली देवमण. माझ्याकडे बघतेय, पापणी न लववता.

फुफी म्हणाली, "कावून रडायलीस? चांगली तर हाय तुझी शबनम."

लेकरांना घरात कोंडलं. मॅडमना फोन केला, सगळं सांगितलं, अल्ताफचं नाव घेऊन सांगितलं. त्या निघाल्यात. तोवर दारात बसलेय, कुणाला आत जाऊ देत नाही.

त्या दुपारी शबनम आमच्या दाराकडे तोंड करून मला हाका मारत होती. मी कान झाकून बसले होते.